गंगासागरबाईंनी धुतलेलं पेट्रोल

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गंगासागर शेटे युसूफ वडगावातल्या आपल्या दुकानाच्या ओट्यावर काचेची बाटली उजेडाकडे धरून उभ्या होत्या. बाटलीवर निळ्या पेनाने बारा रेघा ओढलेल्या आहेत. खालच्या दोन रेघांपर्यंत पाणी होतं आणि त्याच्यावर दहा रेघा पेट्रोल, आदल्या संध्याकाळी रस्त्यावरच्या पंपावरून आणलेलं. त्यांनी बूच घट्ट लावलं, बाटली वीस वेळा हलवली, ओट्याच्या कडेला ठेवली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा खालचं पाणी दोन रेघांवरून चार रेघांवर चढलं होतं. वर पेट्रोल आठच रेघा राहिलं होतं.

पाण्यात वाढलेल्या त्या दोन रेघा म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये ते मिसळलेलं असतं, पण पाणी मिळालं की पेट्रोल सोडून पाण्याशी घरोबा करतं. दहात दोन, म्हणजे वीस टक्के. पंपावर लिहिलेलं असतं तेवढंच. गंगासागरबाईंनी बाटलीतलं द्रावण मागच्या खडकाळ जागेत ओतलं, बाटली पुसली आणि फळीवर ठेवली. नवं पेट्रोल आणलं की हे काम होतंच.

त्यांचं वय सेहेचाळीस. त्यांचे पती सोमलिंग शेटे यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या डाव्या अर्ध्या भागात गंगासागरबाई फवारे दुरुस्त करतात. फवारा म्हणजे पाठीवर अडकवायचं, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारं औषध फवारणीचं यंत्र. त्याचं इंजिन नारळाएवढं असतं आणि टाकी लिटरभराची. गवत कापायची यंत्रं आणि लहान जनरेटरही त्यांच्याकडे येतात, पण खरा धंदा फवाऱ्यांचा.

या गुरुवारी त्या एका माणसाची वाट पाहत होत्या. बजरंग हा ऊसतोड टोळीचा मुकादम. गावापासून दोन किलोमीटरवर त्याची वस्ती आहे. शुक्रवारी सकाळी साडेनऊला वस्तीवरचे ट्रॅक्टर पश्चिमेकडच्या कारखान्याला निघणार होते आणि घरांना कड्या लागणार होत्या त्या पाडव्यापर्यंत. त्या बंद घरांत एकतीस फवारे राहणार होते. एके काळी ते सगळे गंगासागरबाईंच्या टेबलावरून गेलेले. गेल्या सव्वा वर्षात त्यातला एकही आला नव्हता. आज वस्तीने त्यांना बोलावलं नाही, तर ही गिऱ्हाइकी कायमची गेली असं त्या धरून चालल्या होत्या.

ती का गेली हे विचारणाऱ्याला त्या आडवळण न घेता सांगतात. "माझ्या हातानं पाच इंजिनं गेली."

गंगासागरबाई मूळच्या परळीच्या. वडील स्टेशनजवळ स्टोव्ह दुरुस्त करायचे. स्टोव्हच्या निपलमधून पिन फिरवून काजळी काढायचं काम आठव्या वर्षापासून त्यांच्याकडे होतं, कारण वडिलांची नजर अधू होत चालली होती. लग्न होऊन त्या वडगावला आल्या तेव्हा सोमलिंग यांच्या दुकानात हातपंपाचे फवारे विकले जात. पंधरा वर्षांपूर्वी पेट्रोलचे आले. विकलेले फवारे महिन्याभरात तक्रार घेऊन परत येऊ लागले आणि दुरुस्तीला आठवड्यातून एकदा केजहून मिस्त्री यायचा. एका सोमवारी तो आला नाही. दुकानात सहा गिऱ्हाइकं बसलेली. गंगासागरबाईंनी एक कार्बोरेटर उघडला, आतलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, उजेडाला धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर निपलच हाय."

स्टोव्हची पिन त्या बारीक भोकाला जाड पडली. त्यांनी तारेच्या ब्रशचा एक केस तोडून घेतला. तो फवारा चालू झाला, त्या पाठोपाठ बाकीचेही झाले. पुढच्या सोमवारी मिस्त्री आला तेव्हा त्याला काम नव्हतं. सोमलिंग यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढं काही वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत, "मालक मी हाय, पण हुशारी त्या बाजूला मिळते."

वडगाव भागात फवाऱ्याचं वर्ष दोन तुकड्यांत जातं. जूनपासून दिवाळीपर्यंत सोयाबीन, कापूस, तूर. तेव्हा तो एक दिवस बंद राहिलेला चालत नाही. मग निम्म्या वस्त्या ऊसतोडीला जातात आणि फवारा पाच महिने माळ्यावर पडून राहतो. जाताना एक रीत पाळली जाते. घर सोडताना कुठलंच भांडं रिकामं ठेवायचं नाही. हंड्यात पाणी, मडक्यात मूठभर धान्य, दिव्यात तेल घालूनच कडी लावायची. रिकामं घर मागे ठेवून निघालं की हंगाम रिकामा जातो, असं मानतात. पेट्रोलचे फवारे आले तसे तेही या रीतीत आले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या टाक्या गळ्यापर्यंत भरल्या जाऊ लागल्या.

जुन्या पेट्रोलवर हे कसंबसं निभावत होतं. पाडव्याला आल्यावर दहा-बारा वेळा दोरी ओढायची, प्लग पुसायचा, इंजिन खोकत खोकत चालू व्हायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत गेलं तसं निभावेना. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असतं. हिवाळ्यातल्या धुक्यात, मार्चमधल्या ऊन-सावलीत हवा त्या भोकातून आत-बाहेर करत राहते. पुरेसा ओलावा जमला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. या इंजिनांसाठी पेट्रोलमध्येच मिसळलेलं तेल त्या तळाच्या थरात नसतं, ते वर पेट्रोलबरोबर तरंगत राहतं, आणि टाकीची नळी तर तळातूनच ओढते. शिवाय जुन्या फवाऱ्यांतल्या नळ्या आणि कार्बोरेटरातला रबरी पडदा या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. पडदा पापडासारखा कडक होतो. जेटमध्ये पिवळा चिकट थर बसतो, ॲल्युमिनियमवर बुरशीसारखी पांढरी पूड धरते.

वस्तीवरच्या वत्सलाबाई या बजरंगच्या चुलती. साठी ओलांडली तरी टोळीबरोबर जातात, आता स्वयंपाकाला. गंगासागरबाईंनी त्यांना हे सगळं पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "हे इथेनॉल येतं कुठून?"

"उसापासून करतेत. कारखान्यावर."

"म्हंजी ऊस आमीच तोडायचा, अन् फवारा बी आमचाच बंद पडायचा. बरं हाय की."

इथेनॉल नसलेलं पेट्रोल पुण्यासारख्या शहरात काही पंपांवर मिळतं, साधारण दीडपट भावाने. वडगावच्या आसपास ते नाही. गंगासागरबाईंना बाटलीतल्या रेघा पाहताना जे सुचलं ते इथूनच सुचलं. पाणी इथेनॉल ओढून घेत असेल, तर सगळं पेट्रोलच धुऊन का काढू नये?

घरात तळाला तोटी असलेलं पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप होतं. ते त्यांनी ओट्यावर आणलं. पेट्रोल ओतायचं, पाणी ओतायचं, लाकडी दांड्याने घुसळायचं, रात्रभर बसू द्यायचं आणि सकाळी तोटी उघडून तळाचं पाणी सोडून द्यायचं. दहा लिटरचं सुरुवातीला नऊ, पुढे आठ लिटर व्हायचं. मागच्या बाजूला जिथे ते पाणी सोडलं जाई तिथलं गवत जळून गेलं, पण बाटलीत तपासलं की धुतलेल्या पेट्रोलची रेघ जागची हलत नव्हती. त्या वर्षी टोळ्या निघाल्या तेव्हा त्यांनी फवाऱ्यांच्या टाक्यांत हे धुतलेलं पेट्रोल भरून दिलं. पाडव्याला फवारे उतरवले गेले आणि तिसऱ्या-चौथ्या ओढीत चालू झाले. वस्त्यावस्त्यांत नाव झालं. लोक डबे घेऊन दारात येऊ लागले. "गंगाकाकूचं पेट्रोल द्या." साठवणीसाठी केलेली गोष्ट रोजच्या फवारणीला जाऊ लागली. त्यांनी कुणाला अडवलं नाही. ही पहिली चूक, असं त्या म्हणतात.

दुसरी बाटलीतच दिसत होती. सुरुवातीला पाणी एकच रेघ वाढायचं. पुढे दोन वाढू लागलं. म्हणजे पेट्रोलमधून त्या आता दुप्पट माल काढून घेत होत्या. आपण काय काढतोय एवढं त्या मोजत होत्या. काय उरतंय, याचा हिशेब त्यांनी केला नव्हता.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ताण दिला, सोयाबीनवर अळी पडली आणि सगळ्यांची फवारणी एकाच वेळी आली. फवारे दिवसभर पूर्ण जोरात चालले. नऊ दिवसांत सात इंजिनं बसली. पहिलं तानाजीचं. वस्तीवरचाच, पाच एकरांचा धनी. तो फवारा खांद्यावरून उतरवून टेबलावर ठेवत म्हणाला, "काकू, ठोकल्यावानी टकटक करत व्हता. मला वाटलं औषध संपलं म्हणून वाजतंय. मग गप झाला. आता दोरी वढतच न्हाई."

गंगासागरबाईंनी सिलिंडर काढला. तेल कमी पडून इंजिन बसलं तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसतात. तानाजीच्या पिस्टनचं अंग स्वच्छ होतं. खराब होतं ते डोकं. त्यावर सुईने टोचावं तसे बारीक खड्डे होते आणि वरची रिंग मोडलेली होती. असा पिस्टन त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. उरलेले सहा आले, तेही त्यांनी उघडले. दोन पिस्टनच्या अंगावर ओरखडे होते, म्हणजे मालकांनी तेल कमी टाकलं होतं. चारांच्या डोक्यावर खड्डे होते. सात पिस्टन त्यांनी फडक्यावर दोन रांगांत मांडले, एका रांगेत पाच आणि दुसरीत दोन.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी लातूरला इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांनी तिला फोटो पाठवला आणि फोन लावला.

"आई, हे इंजिन ठोकून ठोकून गेलंय. पेट्रोल वेळेआधी पेटलं की असं होतं. कुठलं टाकलं होतं?"

"आपलं. धुतलेलं."

 प्रियदर्शनी म्हणाली, "इथेनॉल नुसतं भर म्हणून नसतं गं. ठोका न बसता जळायची पेट्रोलची ताकद त्यानं वाढते. ते मिसळणार हे धरूनच कंपन्या बाकीचं पेट्रोल बनवतेत. तू इथेनॉल काढलंस की राहिलेलं कमी प्रतीचं राहतं. माळ्यावर ठेवायला चांगलं, दिवसभर पळवायला वाईट."

"हे आधी कावून न्हाई सांगितलंस?"

"तू विचारलंस का? मला तर तू पिंप गळतंय म्हणून नवं आणायला सांगितलं होतंस."

वस्तीवर तोपर्यंत वेगळाच निकाल लागला होता. सात इंजिनं गेली म्हणजे पंपाच्या पेट्रोलमध्ये भेसळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तीसेक माणसं दुकानासमोर जमली. बजरंग पुढे होता. पंपावर जायचं, मालकाला जाब विचारायचा आणि साक्षीला गंगासागरबाईंची बाटली न्यायची असा बेत होता. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या.

"वयनी, बाटली घ्या अन् चला," बजरंग म्हणाला. "त्याच्या तोंडावर हालवून दावू."

"बाटली मी कालच हालवली. दोनच रेघा हायत. पंपावर लिव्हलंय तेवढंच हाय त्याच्यात."

"मग पिस्टन कुणी खाल्लं?"

"मी," गंगासागरबाई म्हणाल्या.

त्यांनी फडकं ओट्यावर आणलं आणि पिस्टन मांडले. धुतल्याने काय होतं, ते दोन वाक्यांत सांगितलं. पाच इंजिनं आपल्या पेट्रोलने गेली, ती आपण नवा पिस्टन घालून करून देऊ. दोन तेल कमी पडल्याने गेली, ती मालकांनी पाहावी. त्या दोन मालकांची नावंही त्यांनी तिथेच घेतली. त्यातला एक अजून त्यांच्याशी बोलत नाही.

बजरंगने एक पिस्टन उचलून अंगठा फिरवला. "म्हंजी वर्षभर आमाला हेच पाजलं, अन् आता म्हंता चुकलं?"

"व्हय."

"धुणं चांगलं जमतं बे वयनीला," मागून कुणी तरी म्हणालं. "रंगच उडाला."

लोक हसले. गंगासागरबाई हसणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "ज्यांच्या घरी माझं पेट्रोल उरलंय त्यांनी आज परत आणून द्या. फवाऱ्यात घालू नका." संध्याकाळपर्यंत चाळीस लिटर परत आलं. ते घालवलं कुठे, याचाही जाब त्यांनी देऊन ठेवला आहे. दुकानाच्या छोट्या टेम्पोच्या टाकीत, ताज्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून ते दोन महिन्यांत संपवलं.

त्या दुपारी सोमलिंग जेवले नाहीत. "कावून सांगितलंस? पंपावर गेले असते, बोंबलून परत आले असते. कुणाला कळणार व्हतं?"

"काठ्या बघितल्या न्हाईत का तुमी? तिथं डोकं फुटलं असतं कुणाचं, तर ते काय मी पिस्टनसारखं बदलून देणार व्हते?"

 दुसऱ्या दिवशी सोमलिंग स्वतः लातूरला जाऊन पाच पिस्टन घेऊन आले. बारा दिवसांत पाचही फवारे तयार झाले. मालकांनी ते नेले, आणि वस्ती केजच्या मिस्त्रीकडे जाऊ लागली.

हात रिकामे असलेल्या त्या हिवाळ्यात गंगासागरबाईंनी एक प्रयोग केला, आणि त्यांच्या कामाचा खरा वकूब यातच दिसतो. भंगारातून एकाच बनावटीचे तीन फवारे निवडले आणि तिन्हींत सारखे नवे पडदे आणि नळ्या घातल्या. पुण्याला गेलेल्या नातेवाइकाकडून इथेनॉल नसलेलं दोन लिटर पेट्रोल मागवलं. बाटलीत तपासलं, रेघ हलली नाही. पहिल्या फवाऱ्यात ते भरलं. दुसऱ्यात पंपावरचं साधं पेट्रोल गळ्यापर्यंत. तिसऱ्याची टाकी रिकामी केली, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा केला आणि प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडले. तिन्ही दिवाळीनंतर माळ्यावर टाकले, पाडव्याला काढले आणि दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना दोरी ओढायला लावली, म्हणजे मोजणारे हात आपले नकोत.

इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा फवारा चौथ्या ओढीला चालू झाला. साध्या पेट्रोलचा चाळीस ओढींतही झाला नाही. उघडल्यावर जेट बुजलेलं आणि पडदा आखडलेला. ताजं पेट्रोल घातल्यावर रिकामा फवारा तिसऱ्या ओढीला चालू झाला. पुण्याहून आणायची गरज नव्हती, धुवायचीही नव्हती. हंगामात पंपावरचंच पेट्रोल चालतं, फक्त पंधरा दिवसांत संपेल एवढंच आणायचं, तेल त्या दिवसापुरतं मिसळायचं आणि जाताना टाकी कोरडी करायची. "एवढं सोपं व्हतं," त्या म्हणतात, "म्हणून सुचलं न्हाई."

वस्तीवरून एकटा वत्सलाबाईंचा फवारा त्यांच्याकडे येत राहिला होता. "माणूस चुकलं म्हणून हात थोडाच तुटला," एवढंच त्यांचं म्हणणं. दिवाळीला गंगासागरबाईंनी तोही कोरडा करून दिला होता. बाकीचे एकतीस रीतीप्रमाणे भरलेले राहिले. यंदा जूनमध्ये त्यातले एकोणीस चालू झाले नाहीत. केजच्या मिस्त्रीकडे आधीच साऱ्या तालुक्याची रांग होती, नंबर नऊ दिवसांनी लागला. त्या नऊ दिवसांत अर्ध्या वस्तीने वत्सलाबाईंच्या एका फवाऱ्यावर पाळी लावून फवारलं. तानाजीची पाळी सहाव्या दिवशी आली, तोवर त्याच्या पिकाच्या शेंड्याला पान उरलं नव्हतं.

तर हा गुरुवार. नऊ वाजता वत्सलाबाई आपला फवारा कडेवर लेकरू घ्यावं तसा घेऊन आल्या आणि ओट्यावर टेकल्या.

"बजरंग येतो म्हणालाय," त्या म्हणाल्या. "पण खाली मान घालून यायची सवय न्हाई त्याला. वाकडं बोलंल."

"बोलू द्या."

पावणेअकराला बजरंग मोटारसायकलवर आला. गाडी बंद केली, पण खाली उतरला नाही. एक पाय ओट्यावर टेकवून त्याने आधी सोमलिंग यांना रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं विचारलं, मग पावसाचं, मग चुलतीकडे पाहून म्हणाला, "तू हितं काय करतीस?"

"तुझी वाट बघतीय. इचार की काय इचारायचं ते. पेट्रोल जळत न्हाई उभ्या गाडीचं."

बजरंगने मिशीवरून हात फिरवला. "वयनी, वस्तीवरचे म्हंतेत तुमच्याकडून फवारे कोरडे करून घ्यावेत. मी म्हणलो, मागल्या बारीला ओलं करून दिलं व्हतं, आता कोरडं. पुढल्या साली काय भाजून देणार का?"

सोमलिंग यांनी हसू दाबत तराजूकडे पाहिलं. गंगासागरबाई वत्सलाबाईंच्या फवाऱ्याचा प्लग काढत होत्या, त्यांनी तो काढून पुसला. "किती हायत?"

"एकतीस."

"नव्या नळ्या किती जणांनी टाकल्यात?"

"ते मला काय ठावं."

"मग ते तिथंच बघू. फवारे हितं आणू नका. मी येते वस्तीवर. ज्याचा फवारा त्यानं आपल्या हातानं टाकी उलटी करायची, आपल्या हातानं इंजिन चालवून बंद पाडायचं. मी बाजूला उभी राहीन. माझ्यावर इसंबून काही करू नका. काय करतोय ते बघून करा."

बजरंगला हे अपेक्षित नसावं. तो म्हणाला, "दुसरी एक अडचण हाय. बाया टाकी रिकामी ठेवू देत न्हाईत. माझी आईच म्हंती, घरात रिकामं भांडं ठिवून निघायचं न्हाई. ह्यो काय आजचा नेम न्हाई, वयनी. त्याच्यावर मी वस्तीशी भांडणार न्हाई."

ही अडचण खरी होती. गंगासागरबाईंनी गेल्या दिवाळीला तिच्यावरूनच वत्सलाबाईंशी वाद घालून पाहिला होता आणि त्या हरल्या होत्या. त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं.

"माझ्या टाकीत हिनं चमचाभर तेल घातलं व्हतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "इंजिनाचं. रिकामी कुठं व्हती? दिव्यात घालतो तेवढं घातलं. तुझ्या आईला सांग, मी सांगते म्हणून."

"तेलानं खराब व्हत न्हाई?"

"उलट टाकी गंजत न्हाई," गंगासागरबाई म्हणाल्या. "पाडव्याला आल्यावर ते तेल ओतून टाका अन् ताजं पेट्रोल भरा."

"अन् काढलेलं पेट्रोल?"

"ज्याचं त्यानं न्यावं. तेल मिसळलेलं हाय, गाळून फटफटीत घाला. टाकीत वाटीभर, जास्त न्हाई."

बजरंगने गाडीची किल्ली फिरवली, पण चालू केली नाही. "अन् पुना चुकलं तर?"

"तर पुना मांडून दावीन, माझे किती अन् तुमचे किती."

वत्सलाबाई हसल्या. बजरंग हसला नाही. "त्या दोघांची नावं सगळ्यांसमोर घ्यायची काय गरज व्हती, वयनी," तो म्हणाला. त्या दोघांतला एक त्याचा मेहुणा आहे.

"गरज व्हती. न्हाईतर पाचाचे सात झाले असते. मग माझं बाकीचं बी कुणी खरं मानलं नसतं."

त्याने मान हलवली, मान्य केल्यासारखी किंवा हा विषय संपला असं म्हटल्यासारखी, आणि गाडी चालू केली. "उद्या सकाळी सहाला या. नऊनंतर कुणाला सवड न्हाई. गाड्या भरायच्या हायत."

तो गेल्यावर सोमलिंग म्हणाले, "पैशाचं काहीच बोलली न्हाईस."

"कोरडं करायचे काय पैसे घ्यायचे. नळ्यांचे घेईन."

दुपारी त्यांनी काळ्या जाड नळीचं भेंडोळं काढून पंचवीस तुकडे कापले, या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे. पडद्यांची पाकिटं मोजली, सतरा निघाली. चौदा कमी पडतील असा त्यांचा अंदाज आहे. ज्यांना मिळणार नाहीत त्यांचे पडदे पाडव्याला बदलायचे असं ठरवून त्यांनी प्रियदर्शनीला फोन करून लातूरहून एक डबा पाठवायला सांगितलं. तेलाची दोन लिटरची बाटली, चमचा, तीन गाळण्या आणि प्लगचा पाना पिशवीत गेला. वस्तीवर काम कुठे करायचं हेही ठरलं. मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण चुलींपासून लांब आहे, तिथेच. आणि बिडी पेटवणाऱ्याने पाराच्या पलीकडे जायचं.

चार वाजता तानाजी आला. त्याने आपला फवारा वस्तीवर ठेवून आलो आहे असं सांगितलं आणि उद्या टाक्या उलट्या करायला दोन रिकामे डबे आपण आणतो म्हणाला. गंगासागरबाई म्हणाल्या, पत्र्याचे आण, प्लॅस्टिकचे नको.

शुक्रवारी सकाळी सहा ते नऊ गंगासागर शेटे वस्तीवर असतील. दुकानाची डावी बाजू साडेदहाला उघडेल.